तिसरा पेड, सिकलसेल आणि एका अक्षराचा फरक

पोळ्याआधी अंबाडीचा दोर वळताना दोन पेडांच्या पिळाच्या खाचेत तिसरा पेड बसवतात. खाचेत मध्येच गाठ आली की तेवढ्या जागी तो वर उचलला जातो. डीएनए एरवी दोन धाग्यांचा असतो; कधी त्याच्या खाचेत तिसरा बसतो, त्याचंही तसंच आहे.

डीएनएचा भाऊबंद असलेल्या आरएनएचे तीन धागे एकत्र गुंफले जातात, हे शास्त्रज्ञ फेल्सनफेल्ड, डेव्हिस आणि रिच यांनी १९५७ मध्ये दाखवलं. या धाग्यांवर ओळीने रासायनिक ‘अक्षरं’ असतात; डीएनएत ती चार: ए, टी, जी, सी. दोनच वर्षांनी हूगस्टीन यांना स्फटिकात अक्षरांच्या जोडीची वेगळी ठेवण दिसली. तिसरा धागा खाचेत कसा धरला जातो, याचा उलगडा त्यातून झाला. पण त्याला अक्षरांचा क्रम ठरावीकच लागतो. दोन मूळ धाग्यांपैकी एकावर ए आणि जी सलग हवेत. मध्ये सी किंवा टी घुसला की पकड ढिली पडते. १९८०च्या दशकात मिर्किन आणि फ्रँक-कामेनेत्स्की यांच्या गटाने दाखवलं, की आरशातल्यासारखा उलटसुलट सारखा क्रम असला तर डीएनए स्वतःचाच एक धागा मागे वळवून तिपेडी होतो.

आपल्या विदर्भात सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आजार, घरोघरी माहीत आहे. त्याचं मूळही एकाच अक्षरात: हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या बीटा ग्लोबिनच्या जीनमध्ये ए च्या जागी टी. तिपेडी रचनेशी त्याचा संबंध नाही. संबंध येतो तो शेजारच्या गॅमा ग्लोबिनचा. हा जीन बाळ पोटात असतानाचं हिमोग्लोबिन बनवतो आणि जन्मानंतर मंदावतो. काही कुटुंबांत मात्र तो मोठेपणीही चालू राहतो, कारण जीनच्या अलीकडे साधारण २०० अक्षरांवर एखादं अक्षर बदललेलं असतं. तिथला डीएनए प्रयोगशाळेत तिपेडी होतो आणि हे बदल ती गुंफण मोडतात, असं १९९२ मध्ये दिसलं. मोठंच कोडं सुटल्यासारखं वाटलं असणार! पुढे २०१८ मध्ये कळलं, की याच जागी जीन दाबून ठेवणारं एक प्रथिन बसतं आणि अक्षर बदललं की त्याला बसता येत नाही. मला हे दुसरं स्पष्टीकरण जास्त पटतं. तरी बोट त्याच जागेवर आधी ठेवलं गेलं होतं, हे विसरू नये.

गडचिरोलीतल्या एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलसेलचा जीन आलेल्या, पोराच्या रिपोर्टवर ‘एफ’समोर जी टक्केवारी असते, ती याच गॅमा ग्लोबिनपासून बनलेल्या पोटातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनची. ती जितकी जास्त, तितका दुखण्याचा झटका कमी. सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सीयुरिया या औषधाची कॅप्सूल वाढवते तीही हीच.