स्लेडवर वजन किती? फुटबॉलच्या सरावातील एका वादाची पार्श्वभूमी

कमरेला पट्टा बांधून मागे ओझे ओढत धावण्याचा सराव पुण्याच्या मैदानांना स्लेड, म्हणजे वजन ठेवून जमिनीवरून ओढायची बिनचाकी घसरगाडी, येण्याच्या आधीपासून ठाऊक आहे. मोटारीचा जुना टायर, त्याला भोक पाडून ओवलेला नायलॉनचा दोर आणि जाड पट्टा एवढ्यावर धावपटू आणि फुटबॉलपटू दोघांचेही भागत असे. हौद्यातली माती सपाट करताना फळीवर माणूस बसवून ती ओढणारे पैलवान तर त्याहून जुने. ओझे किती असावे, हा प्रश्न मात्र संशोधकांनी बराच उशिरा हाती घेतला आणि त्याचे उत्तर गेल्या दोन दशकांत जवळजवळ उलटे झाले.

सुरुवातीचा सूर सावधगिरीचा होता. 2003 साली ऑस्ट्रेलियात रॉबर्ट लॉकी आणि सहकाऱ्यांनी मैदानी खेळाडूंना शरीराच्या वजनाच्या 12.6 आणि 32.2 टक्के ओझे ओढायला लावले, तेव्हा त्यांची ढांग अनुक्रमे सुमारे 10 आणि 24 टक्क्यांनी आखूड झाली. धावण्याची ढब बिघडू नये म्हणून वेगात 10 टक्क्यांहून जास्त घट होऊ देऊ नये, हा प्रशिक्षकांतला दंडक अशा आकड्यांनी पक्का झाला. तो फुटबॉलला कितपत लागू आहे, हे फारसे कोणी विचारले नाही. या खेळात पूर्ण वेग गाठण्याची वेळ क्वचितच येते. चेंडूवर आधी कोण पोहोचणार हे बहुधा पहिल्या पाच-दहा मीटरमध्ये ठरते, आणि तिथे अंग पुढे झुकलेले असून पाय जमिनीला मागे रेटत असतात. जड स्लेड ओढतानाही शरीर हेच करते.

हा धागा पकडून झाँ-बेन्वा मोरँ आणि सहकाऱ्यांनी 16 हौशी फुटबॉलपटूंवर आठ आठवड्यांचा प्रयोग केला. त्यातील एका गटाने शरीराच्या वजनाच्या तब्बल 80 टक्के ओझे लावून 20 मीटरच्या धावा घेतल्या, आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचे पुढच्या दिशेने लागणारे बल वाढले. इतक्या लहान प्रयोगावरून सरसकट सगळ्यांच्या मागे जड स्लेड लावणे उतावीळपणाचे ठरेल. त्याच वर्षी मॅट क्रॉस आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की सर्वाधिक शक्ती वेग निम्म्यावर आल्यावर निर्माण होते.

मैदान बदलले, की टक्क्यांचा हा हिशेब फसतो, कारण खेळाडू वजनाशी नव्हे तर घर्षणाशी झगडत असतो. 60 किलोच्या मुलामागचे 48 किलो कोथरूड-बाणेरच्या टर्फवर सरकतील, पावसात भिजलेल्या मातीच्या ग्राउंडवर रुतून बसतील. म्हणूनच आता आधी मोकळ्या धावेची वेळ घेऊन, ओझ्यासह वेग किती घटला यावरून वजन ठरवण्याकडे कल आहे. मार्चमध्ये ठरवलेले वजन जुलैत पुन्हा तपासावे लागते ते त्यामुळेच.