स्नोबोर्ड बाइंडिंग

स्नोबोर्ड बाइंडिंग : बर्फावरून घसरणाऱ्या फळीला बूट घट्ट जोडून ठेवणारा सांधा. एका फळीवर दोन बाइंडिंग असतात आणि त्यांत दोन्ही पाय फळीला आडवे बसतात. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला ‘रेग्युलर’ म्हणतात, उजवा पुढे ठेवणाऱ्याला ‘गूफी’. फळीचा आकार, तिचा बाक, तिच्या पोलादी कडा यांची चर्चा नेहमीच होते. पण २०१७ नंतर स्नोबोर्ड कंपन्यांमधली खरी चुरस या सांध्यावर येऊन ठेपली आहे. पुढच्या काळात कोणता बूट कोणत्या फळीवर चालेल, हे इथेच ठरते आहे.

सुरुवातीला बाइंडिंग नव्हतेच. १९६५ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या मस्कीगन येथे शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की शेजारी-शेजारी जोडून एक फळी केली. त्यांच्या पत्नीने तिला ‘स्नर्फर’ हे नाव दिले. पाय नुसते फळीवर टेकवायचे आणि पुढच्या टोकाला बांधलेली दोरी लगामासारखी हातात धरायची, एवढेच तिचे तंत्र. जेक बर्टन कार्पेंटर यांनी १९७७ मध्ये व्हर्माँटमधल्या लंडनडेरी येथे स्वतःची कंपनी काढली. १९७९ मध्ये मिशिगनमधल्या स्नर्फर स्पर्धेत ते पाय अडकवायची सोय असलेली फळी घेऊन उतरले, तेव्हा इतर स्पर्धकांनी हरकत घेतली आणि त्यांच्यासाठी वेगळा खुला गट करावा लागला. पाय बांधला की खेळच बदलतो, हे त्या हरकतीतून पहिल्यांदा चारचौघांत मान्य झाले.

नुसता पट्टा मात्र पुरेसा नव्हता. वळायचे तर फळीच्या एका कडेवर भार द्यावा लागतो. बोटांच्या बाजूच्या कडेवर भार देणे सोपे असते, कारण पट्टा बुटाला फळीशी धरून ठेवतो. टाचेच्या कडेवर जाताना पोटरीला मागून टेकू लागतो. तो नसेल तर पाय मागे कलतो आणि फळी मात्र जागची हलत नाही. पोटरीमागे उभी राहणारी ही पाठ, म्हणजे ‘हायबॅक’, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि तिचे श्रेय सहसा जेफ ग्रेल यांना दिले जाते. कडक, गोठलेल्या उतारावर स्नोबोर्ड नेता येऊ लागला तो तिच्यामुळे. त्या काळी बहुतेक स्की-केंद्रे स्नोबोर्डवाल्यांना उताराच्या माथ्यावर नेणाऱ्या लिफ्टवर चढू देत नसत. व्हर्माँटमधल्या स्ट्रॅटनने १९८३ मध्ये दार उघडले, मग इतरांनीही.

आजच्या पट्ट्याच्या बाइंडिंगमध्ये खाली काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा तळ असतो, मागे हायबॅक, आणि वर दोन पट्टे: एक घोट्यावर, दुसरा बोटांवर. तळाच्या मध्यभागी गोल चकती असते. ती सैल करून पायाचा कोन बदलता येतो. पुढचा पाय बाहेर आणि मागचाही बाहेर, बदकासारखा, असा कोन आज पुष्कळ जण ठेवतात. पट्टा आवळायला दातेरी शिडी आणि चापाची कळ असते. चेअरलिफ्टवरून उतरताना मागचा पाय मोकळा ठेवावा लागतो, म्हणून माथ्यावर पोचल्यावर दर खेपेला तोच विधी: बर्फात बसायचे, तळावरचा बर्फ हातमोज्याने खरवडायचा, टाच मागे रेटायची, शिडी कळीत सरकवून ती करकर आवळायची, मग बोटांचा पट्टा. तोवर सोबतचे स्कीवाले निम्मा उतार उतरून गेलेले असतात. दिवसातून वीस वेळा हे करणाऱ्याला ओली विजार आणि सुन्न बोटे यांबद्दल वेगळे सांगावे लागत नाही.

स्कीचे बाइंडिंग पडताना सुटते, स्नोबोर्डचे सुटत नाही. दोन्ही पाय एकाच फळीला जोडलेले असल्यामुळे एकच सुटला तर दुसऱ्याला पीळ बसेल. म्हणून स्नोबोर्डवाल्यांच्या दुखापतीही वेगळ्या असतात. गुडघ्यापेक्षा मनगट जास्त मोडते. घोट्यातल्या टॅलस हाडाच्या बाहेरच्या कोपऱ्याचा अस्थिभंग तर डॉक्टरांमध्ये ‘स्नोबोर्डरचा घोटा’ या नावानेच ओळखला जातो.

पट्ट्याचा एक गुण फारसा कोणी बोलून दाखवत नाही, पण माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. पट्टा कोणत्याही मऊ बुटावर बसतो. फळीवर स्क्रूसाठी जी भोके असतात, त्यांची चार-चार सेंटिमीटर अंतराची मांडणी बहुतेक कंपन्यांनी स्वीकारली; बर्टनने तीन भोकांची आणि पुढे ‘चॅनल’ नावाच्या खाचेची स्वतंत्र वाट धरली, तरी जोडचकत्या मिळत राहिल्या. त्यामुळे एका कंपनीची फळी, दुसरीचे बाइंडिंग आणि तिसरीचा बूट असा संसार बिनतक्रार चालत आला. स्कीच्या कडक बुटांना हे साधण्यासाठी तळव्याचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ५३५५, ठरवावे लागले. मऊ बुटांना तशी गरजच पडली नाही, कारण पट्टा हाच त्यांचा सामाईक दुवा होता.

हा दुवा तोडायचा पहिला मोठा प्रयत्न १९९० च्या दशकात झाला. स्विच, के२ आणि शिमानो यांची ‘क्लिकर’, बर्टनची स्वतःची अशा ‘स्टेप-इन’ यंत्रणा आल्या. बुटाच्या तळव्यातला धातूचा भाग फळीवरच्या कुलपात खटकन बसायचा. सोय होती, पण तळव्याखाली बर्फ दाबून बसला की कुलूप लागेना. पट्टे गेल्यामुळे त्यांचा आधार बुटाच्या आत भरावा लागला आणि बूट ताठर झाले. पायाखालची फळी जाणवेनाशी झाली. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला हे बाइंडिंग दुकानांतून जवळपास नाहीसे झाले. फ्लो कंपनीचा मार्ग वेगळा होता: हायबॅक मागे पाडायची, पाय मागून आत घालायचा, पाठ पुन्हा उभी करायची. तो टिकला, कारण त्यात बूट कोणताही चालत असे.

बर्टनने २०१७ मध्ये ‘स्टेप ऑन’ आणले तेव्हा जुन्या अपयशाचा धडा त्यात दिसत होता. तळव्याखाली काहीच ठेवलेले नाही. बूट तीन ठिकाणी पकडला जातो: टाचेला मागून एक, आणि चवड्याच्या दोन बाजूंना दोन लहान आकडे. आधी टाच मागे दाबायची, मग चवडा खाली. दोन खटके ऐकू येतात. बाहेरच्या बाजूची कळ ओढली की पाय मोकळा. बसायचे काम नाही. बूट मऊच राहतो आणि चवड्याला दोन्ही कडांशी धरल्यामुळे कड बदलताना प्रतिसाद लगेच मिळतो. मात्र यासाठी खास बूटच लागतो, आणि आकडे कुठे असावेत हे बर्टन ठरवते.

इथून कंपन्यांची दिशा स्पष्ट होते. बर्टनने ही रचना परवाना देऊन इतरांनाही वापरू दिली. डीसी, थर्टीटू आणि नायट्रो यांनी स्टेप ऑनचे बूट काढले. पुढे जपानची फ्लक्स आणि इटलीतल्या कोमो सरोवराकाठच्या कोलिकोची युनियन या बाइंडिंग कंपन्याही त्यात आल्या. सामाईक दुव्याची जागा परवान्याने घेतली. खरेदीदाराला निवड वाढल्यासारखी वाटते, आणि ती काही प्रमाणात वाढलीही आहे. पण चावी एकाच घरात आहे. याला दुसरे उत्तर स्वित्झर्लंडच्या निडेकरने दिले. १८८७ पासून लाकूडकाम करत आलेल्या या घराण्याच्या कंपनीने २०२३ मध्ये ‘सुपरमॅटिक’ आणले. पाय आत टाकून टाच दाबली की हायबॅक आपोआप उभी राहून अडकते, पट्टे तसेच राहतात आणि बूट कोणताही चालतो. सुटे भाग जास्त, वजनही थोडे जास्त. तरीही मला हीच वाट खेळाच्या हिताची वाटते: नव्याने शिकणाऱ्याने दोन वर्षांत बूट बदलले तर बाइंडिंगही फेकावे लागू नये.

डोंगर पायी चढून मग उतरणाऱ्यांसाठी स्प्लिटबोर्ड असतो. ही फळी मधोमध दुभंगते आणि चढताना दोन स्कींसारखी वापरली जाते. तिचे बाइंडिंग सरळ आणि आडवे अशा दोन्ही जागी बसावे लागते. यूटाच्या व्होइले कंपनीने १९९० च्या दशकात तिला बाजारात आणले.

साहित्यातही बदल होत आहेत. लिब टेक आणि नू या फळ्या बनवणाऱ्या वॉशिंग्टन राज्यातल्या मर्विन कारखान्याने फळीच्या वरच्या आवरणासाठी एरंडाच्या बियांपासून केलेले प्लास्टिक वापरले. जगात सर्वाधिक एरंड भारतात, त्यातही मुख्यतः गुजरातेत पिकतो. फळीचे थर चिकटवणाऱ्या, पण पुन्हा विरघळवता येणाऱ्या इपॉक्सीचे ‘रिसायक्लामीन’ तंत्र मुंबईत मुख्यालय असलेल्या आदित्य बिर्ला समूहाने २०१९ मध्ये अमेरिकेच्या कोनोरा कंपनीकडून विकत घेतले. पाणी न शोषणाऱ्या कपड्यांतली पीएफएएस रसायने कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये २०२५ पासून बहुतेक कपड्यांत कायद्याने बंद झाली, तेव्हा जॅकेट आणि हातमोज्यांची घडणही बदलणे भाग पडले.

भारतात या साऱ्याची कसोटी गुलमर्गला लागते. तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्यांचा, दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर ३,९०० मीटरहून उंच नेऊन सोडतो, आणि तिथून उतार बव्हंशी न दाबलेल्या भुसभुशीत बर्फाचा असतो. गुडघाभर बर्फात उभे राहून स्टेप ऑनमध्ये पाय घालायचा तर आधी टाचेमागचा बर्फ काढावा लागतो, आणि फळी पायाखाली दाबायला टणक जमीन नसते. अशा जागी पुष्कळ अनुभवी लोक अजून दोन पट्ट्यांचे बाइंडिंगच नेतात. त्याची कळ तुटली तर सुटा भाग खिशात मावतो, आणि एका स्क्रूड्रायव्हरने तो तिथेच बसवता येतो.