समीकरणांवरची जुनी शंका

2008 च्या वित्तीय संकटानंतर अर्थशास्त्राच्या गणितवेडावर सडकून टीका झाली. टीकेत तथ्य होतं, पण नवलाई नव्हती. या दुखण्यावर शंभर वर्षांपूर्वीच बोट ठेवलं गेलं होतं, आणि तेही गणितात मुरलेल्या लोकांकडून.

सगळ्या बाजारांतल्या सगळ्या किमती एकाच समीकरणसंचातून काढायच्या, हा फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ लिऑन वालरा यांचा 1874 सालचा घाट. फ्रान्समधल्या अर्थशास्त्रज्ञांनी त्यांना फारशी दाद दिली नाही. अखेर 1901 मध्ये त्यांनी आपला ग्रंथ गणितज्ञ आन्री प्वांकारे यांना पाठवला. ग्राहकाला वस्तूंतून मिळणारं समाधान मोजता येत नसताना त्याचं गणित कसं मांडणार, हा आक्षेप वालरांना छळत होता. प्वांकारे यांनी तो निकाली काढला: दोन समाधानांपैकी जास्त कोणतं एवढं सांगता आलं तरी गणित अडत नाही. त्यांना खटकलं ते वेगळंच. तुम्ही माणसाला पराकोटीचा स्वार्थी आणि पराकोटीचा दूरदर्शी मानता, असं त्यांनी कळवलं. पहिलं ढोबळमानाने चालेल, दुसऱ्याबाबत जरा हात राखावा लागेल. (पुढच्या पिढ्यांनी नेमकं दुसरंच जास्त ताणलं.)

केंब्रिजच्या गणित परीक्षेत दुसरे आलेले अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल आपल्या 1890 च्या ग्रंथात आकृत्या तळटीपांत आणि गणित परिशिष्टात ठेवतात, ते याच सावधपणातून.

1939 मध्ये वाद आकडेवारीकडे सरकला. गुंतवणुकीची कारणं संख्याशास्त्राने शोधणाऱ्या यान टिनबर्गन यांना ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी विचारलं: कारणांची यादी पूर्ण आहे कशावरून? आणि कालचे संबंध उद्याही तसेच राहतील कशावरून? टिनबर्गन यांना 1969 चं पहिलं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, पण दुसरा प्रश्न मिटला नाही. ब्रिटनच्या 1861 ते 1957 च्या आकड्यांवरून अर्थशास्त्रज्ञ फिलिप्स यांनी बेरोजगारी आणि वेतनवाढ यांचं उलटं नातं दाखवलं होतं. धोरणकर्ते त्यावर विसंबू लागले, आणि 1970 च्या दशकात महागाई व बेरोजगारी हातात हात घालून वाढल्या. धोरण बदललं की लोकांच्या अपेक्षाही बदलतात आणि जुनी समीकरणं निकामी होतात, हे रॉबर्ट लुकास यांनी 1976 मध्ये मांडलं.

सर्वांत खोल घाव मात्र गणितानेच घातला. ह्यूगो सॉनेनशाइन, रोल्फ मँटेल आणि जेरार्ड डेब्रू यांनी 1972 ते 1974 दरम्यान सिद्ध केलं की प्रत्येक ग्राहक कितीही तर्कशुद्ध वागला, तरी त्यावरून एकूण बाजाराची मागणी कशी असेल याबद्दल जवळजवळ काहीच निष्पन्न होत नाही. सगळ्या बाजारांत मागणी आणि पुरवठा जुळवणारा समतोल एक असेल की अनेक, आणि बाजार तिथवर पोहोचेल का, हेही सांगता येत नाही. डेब्रू हे वालरांच्या समतोलाचं अस्तित्व सिद्ध करणाऱ्यांपैकीच एक.