सप्ताहाला कोण, पुण्यतिथीला कोण: कीर्तनकार आणि गुरुदेव प्रचारक

आपल्या वऱ्हाडात वारकरी कीर्तनकार आणि गुरुदेव सेवा मंडळाचे प्रचारक, दोघांनाही ‘महाराज’च म्हणतात. दोघांपुढे माईक, बाजूला पेटी, समोर सतरंजीवर गाव. म्हणून पत्रिका छापताना घोळ होतो. सप्ताहाच्या कीर्तनाला खंजिरीवाले प्रचारक बोलावले जातात आणि टाळ घेऊन उभी असलेली पोरं नुसती एकमेकांकडे पाहत राहतात.

वारकरी कीर्तन साधारण दोन तासांचं, बहुतेक ठिकाणी रात्री ९ ते ११. कीर्तनकार उभे, मागे टाळकरी, एका अंगाला मृदंग, शिवाय वीणेकरी. ‘रामकृष्ण हरी’चा गजर होतो, मग निरूपणाला एकच अभंग घेतात आणि त्याचं एकेक चरण प्रमाणं, म्हणजे संतवचनांचे दाखले, देत सोडवत नेतात. इथं पाठांतर लागतं. आळंदीला जोग महाराजांनी 1917 साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत त्यासाठी चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे.

प्रचारकाची घडण वेगळी. तुकडोजी महाराजांनी 1935 साली अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. तिथून पसरलेल्या गुरुदेव सेवा मंडळाचा हा गावपातळीवरचा माणूस. दिवसा शेतात, नाहीतर जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला. सकाळी सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, त्यानंतर खंजिरी भजन. भजनं मराठीत आणि हिंदीतही. दोन भजनांच्या मधे तो चार-पाच मिनिटं बोलतो: दारू, हुंडा, नाल्या, शाळेतली गळती. आधार तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेच्या 41 अध्यायांचा. कीर्तनकाराचा शब्द ग्रंथामुळं मानला जातो. प्रचारकाचा मानला जातो तो सकाळी त्याच्याच हातात खराटा दिसतो म्हणून. ज्याच्या हातात खराटा दिसत नाही, त्याचं भजन कितीही सुरेल असो, लोक अर्ध्यातून उठतात.

वाद्यांचा फरक आयोजकांच्या ध्यानात येत नाही, आणि खरी फजिती तिथंच होते. कीर्तनकार स्वतः मृदंग वाजवत नाहीत, त्यासाठी मृदंगी असतो. डाव्या पुडीला तो ओली कणीक लावतो. कणीक वाळली की घुमारा जातो, म्हणून जवळ ओला गोळा झाकून ठेवावा लागतो. खंजिरी मात्र गाणाराच वाजवतो. डाव्या हातात चौकट, उजव्या हाताची बोटं कातड्यावर आणि चौकटीतल्या झांजा मनगटाच्या झटक्यानं. पूर्वी घोरपडीचं कातडं चढवत. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बेकायदा आहे. कोणी विकायला आणलं तरी घेऊ नका. बकरीचं कातडं गोड बोलतं, पण डिसेंबरात उघड्या मंडपात दव पडलं की तासाभरात ढिलं पडतं. शेकोटीपासून हातभर लांब, फिरवत फिरवत तापवायचं. जवळ धरलं तर कडेचं कातडं चौकटीपासून सुटतं. फायबरची पुडी उतरत नाही, पण आवाज टणटण येतो. दोन खंजिऱ्या सोबत ठेवणं बरं.

आता जिनिंगचं. दसरा-दिवाळीपासून कापूस येतो, रेचे (सरकी काढणारी यंत्रं) सुरू होतात. तुकडोजी महाराजांची पुण्यतिथीही त्याच सुमारास, अश्विन वद्य पंचमीला. मोझरीला त्या वेळी दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. गावोगावचे पुण्यतिथी महोत्सव पुढं हिवाळाभर चालतात. म्हणजे रेच्यांचा हंगाम आणि भजनाचा हंगाम एकच. तारीख धरण्याआधी पाळी विचारा. पहिल्या पाळीचा माणूस प्रार्थनेला पोचतो. दुपारी चारला कामावर चढणारा मध्यरात्री सुटतो, त्याला आग्रह करून काही होत नाही.

आवाजाचंही तसंच. रुईची धूळ घशात बसते, छाती आवळल्यासारखी वाटते आणि वरच्या सुराला आवाज फाटतो. दिवसभर रेच्यांच्या आवाजात राहिल्यानं कान काही वेळ मंद होतात; गाणाऱ्याला स्वतःचं नीट ऐकू येत नाही, म्हणून तो ओरडतो. उपाय साधे: कामावर नाकाला पक्कं फडकं किंवा मास्क, सुटल्यावर नाक धुणं, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, अर्धा तास गप्प बसणं. पहिलं भजन नेहमीपेक्षा एक सूर खाली घ्यावं. छातीचं आवळणं सुट्टीच्या दिवशीही राहिलं तर डॉक्टरला दाखवावं, काढ्यावर भागवू नये.

पैशाचं उघड बोललेलं बरं. कीर्तन विकू नये असं वारकरी परंपराच सांगते, तरी आज मानधन आणि गाडी आधी ठरते. प्रचारकाला भाडं-जेवण दिलं की झालं, असं लोक समजतात. पण पाळी बुडाली तर रोजदाराची त्या दिवसाची रोजी गेली, हे कमिटीत कोणी मोजत नाही. ती मोजून द्यावी. त्यानं नाही म्हटलं तर मंडळाच्या पेटीत टाकावी.

दोन्ही एकाच दिवशी ठेवायचे असतील तर प्रार्थना आणि खंजिरी आधी, कीर्तन नंतर. वारकरी गायक बऱ्याचदा पेटीच्या काळी चार-पाच पट्टीत गातात, भजनी मंडळ त्याच्या बरंच खाली. मृदंग नव्यानं सुरात मिळवावा लागतो, कणीक बदलावी लागते. मधे पंधरा-वीस मिनिटं मोकळी सोडा आणि तेवढ्या वेळात सत्काराचे हार उरकून घ्या.