परदेशी वैद्यकीय अर्हतांचा व्यवसायातील उल्लेख

परदेशी वैद्यकीय अर्हतांचा उल्लेख : एका देशात वैद्यकीय शिक्षण घेऊन दुसऱ्या देशात रुग्णसेवा करणाऱ्या डॉक्टरांनी आपली पदवी, पदविका, सदस्यत्व किंवा विशेषज्ञता दवाखान्याच्या पाटीवर, औषधचिठ्ठीवर, शिक्क्यावर, दाखल्यांवर, पावत्यांवर आणि जाहिरातीत कोणत्या स्वरूपात लिहावी, यासंबंधीचे नियम आणि व्यावसायिक संकेत. पाटीवरची अक्षरे रुग्ण वाचतो, पण त्यांचा अर्थ लावण्याचे साधन त्याच्याजवळ क्वचितच असते. म्हणून ती अक्षरे खरी आहेत एवढे पुरेसे न मानता ती वाचून गैरसमज होणार नाही हेही पाहणे बहुतेक देशांच्या वैद्यक परिषदांनी आपले काम मानले आहे.

या नियमांच्या मुळाशी तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पदवी विद्यापीठ देते आणि ती धारकाजवळ सहसा आयुष्यभर राहते. व्यवसायाचा अधिकार मात्र ज्या देशात व्यवसाय करायचा तेथील नोंदणी देते. तो त्या देशापुरता असतो आणि काढूनही घेता येतो. तिसरी गोष्ट म्हणजे नावाआधी लागणारी ‘डॉक्टर’ ही उपाधी, जी काही देशांत कायद्याने राखून ठेवलेली आहे, तर काही देशांत केवळ रूढीने चालते. परदेशात शिकलेल्या डॉक्टरच्या बाबतीत या तीन गोष्टी तीन निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या असू शकतात, आणि पाटीवर त्या एकाच ओळीत लिहिल्या की वाचणाऱ्याला त्यांतला फरक दिसत नाही. पदवी खरी पण नोंदणी नाही, किंवा नोंदणी आहे पण पाटीवरची पदवी तिच्यात चढवलेली नाही, असे दोन्ही प्रकार त्यामुळे संभवतात. यांतला पहिला उघड बेकायदेशीर आहे. दुसऱ्याकडे अनेक डॉक्टर प्रामाणिकपणे दुर्लक्ष करतात.

सर्वांत मोठा घोटाळा एकाच अक्षरजोडीने घातला आहे, ती म्हणजे एम.डी. अमेरिकेत एम.डी. ही वैद्यकाची पहिली पदवी आहे. आधी चार वर्षांची महाविद्यालयीन पदवी आणि मग चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण, असा तिचा सर्वसाधारण क्रम असतो. ब्रिटनमध्ये पहिली पदवी एम.बी.बी.एस. किंवा तिच्याशी समकक्ष अशा एम.बी.सीएच.बी. यांसारख्या नावांची असते, आणि एम.डी. ही प्रबंध लिहून मिळवायची संशोधन पदवी आहे. भारतात एम.डी. म्हणजे एम.बी.बी.एस.नंतरचे तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण. रशिया आणि पूर्वीच्या सोव्हिएत संघातील इतर देशांत सहा वर्षांचा पहिला अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास मिळणाऱ्या अर्हतेचे इंग्रजी भाषांतर बरेचदा एम.डी. असेच केले जाते. म्हणजे चार ठिकाणी शिकलेल्या चार डॉक्टरांनी आपापली पदवी अगदी खरी लिहिली, तरी पाटीवरून त्यांपैकी विशेषज्ञ कोण आणि नुकताच पदवीधर कोण हे ओळखता येणार नाही. आनंदीबाई जोशी यांना १८८६ साली पेनसिल्व्हेनियातील विमेन्स मेडिकल कॉलेजने दिलेली एम.डी. ही याच अर्थाने पहिली वैद्यकीय पदवी होती. आजच्या भारतीय वाचकाला एम.डी. म्हटले की जे पदव्युत्तर शिक्षण डोळ्यांपुढे येते, त्याच्याशी तिची तुलना करणे गैर ठरेल. त्याने तिचे मोल कमी होत नाही, फक्त अक्षरांचा अर्थ देश व काळ पाहून लावावा लागतो.

यावर निरनिराळ्या व्यवस्थांनी निरनिराळे उपाय काढले आहेत. त्यांतला सर्वांत नेमका उपाय युरोपीय संघाच्या व्यावसायिक अर्हतांविषयीच्या २००५ सालच्या निर्देशात आढळतो. त्याच्या ५२व्या अनुच्छेदानुसार मान्यता मिळालेल्या व्यावसायिकाने यजमान देशातील व्यावसायिक उपाधी वापरायची असते. ५४वा अनुच्छेद मात्र शैक्षणिक उपाधीविषयी आहे : ती ज्या देशात मिळाली त्या देशाच्या भाषेत वापरण्याचा हक्क धारकाला राहतो, तिच्यामागे ती देणाऱ्या संस्थेचे नाव व ठिकाण लिहिण्याची अट यजमान देश घालू शकतो, आणि यजमान देशात ज्या उपाधीसाठी अधिक शिक्षण लागते अशा उपाधीशी तिची गफलत होण्याजोगी असेल, तर ती कोणत्या रूपात लिहावी हेही तो देश ठरवू शकतो. ‘मी कोण’ हे यजमान देशाच्या शब्दांत सांगायचे आणि ‘मी कोठे शिकलो’ हे मूळ शब्दांत, अशी ही वाटणी आहे.

जर्मनीत हा भेद विशेष काटेकोरपणे पाळला जातो. तेथे डॉक्टरकीचा व्यवसाय दर्शवणारा ‘आर्ट्स्ट’ हा शब्द वापरण्यासाठी ‘आप्रोबात्सिओन’ हा सरकारी परवाना लागतो, तर ‘डॉ. मेड.’ ही उपाधी स्वतंत्र प्रबंध लिहिल्यावरच मिळते. त्यामुळे प्रबंध न लिहिलेला जर्मन डॉक्टर पूर्ण अधिकाराने रुग्ण तपासतो, पण नावाआधी ‘डॉ.’ लावू शकत नाही. चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकिया येथे वैद्यकाचा अभ्यासक्रम संपवणाऱ्यास ‘एम.यू.डीआर.’ ही उपाधी मिळते. ती संशोधनाची नसून व्यावसायिक डॉक्टरेट असल्याने जर्मनीत तिचे रूपांतर ‘डॉ.’ असे करता येत नाही, ती मूळ रूपातच लिहावी लागते. युरोपीय संघाबाहेरील पदव्यांनाही मूळ रूप आणि पदवी देणारी संस्था हाच नियम सर्वसाधारणपणे लागू होतो. उपाधीचा गैरवापर हा तेथे दंडसंहितेच्या कलम १३२ अ खालील गुन्हा असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ज्या देशांत ‘डॉक्टर’ हा शब्द हाक मारण्याइतका सैल वापरला जातो, तेथून जर्मनीत गेलेल्यांना हा कडकपणा प्रथम अनाकलनीय वाटतो.

अमेरिकेची वाट याच्या बरोबर उलट आहे. परदेशातील पदवीधरांची कागदपत्रे व परीक्षा तपासून प्रमाणपत्र देण्याचे काम तेथे १९५६ साली स्थापन झालेली ई.सी.एफ.एम.जी. ही संस्था करते. व्यवसायाचा परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते. ज्याच्याकडे एम.बी.बी.एस. आहे त्याने नावापुढे एम.डी. लिहावे काय, हा प्रश्न राज्याच्या कायद्यावर सुटतो. कॅलिफोर्नियात राज्याच्या वैद्यक मंडळाने दिलेला परवानाच धारकाला एम.डी. ही अक्षरे वापरण्याचा हक्क देतो, मग त्याच्या मूळ पदवीचे नाव काहीही असो. परवाना नसताना तीच अक्षरे वापरणे हा तेथे गुन्हा आहे. न्यूयॉर्क राज्याने आणखी वेगळी सोय केली आहे : पात्र परवानाधारकाला अर्ज करून राज्याकडूनच एम.डी. पदवी मिळवता येते. या दोन्ही व्यवस्थांत एम.डी.चा अर्थ ‘अमुक विद्यापीठाची पदवी’ असा न राहता ‘परवानाधारक डॉक्टर’ असा होतो. रुग्णाच्या दृष्टीने हे सोयीचे आहे यात शंका नाही. मात्र अशा डॉक्टरने मायदेशी परतल्यावर तीच दोन अक्षरे तशीच पाटीवर चढवली, तर तेथील रुग्ण त्यांचा अर्थ पदव्युत्तर शिक्षण असा करील.

ब्रिटनमध्ये सगळा भर नोंदवहीवर आहे. १८५८च्या वैद्यक कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल ही परिषद स्थापन झाली, ती मुख्यतः शिकलेला डॉक्टर आणि भोंदू यांतला फरक लोकांना कळावा म्हणून. आज तिची नोंदवही इंटरनेटवर सर्वांना खुली असून प्रत्येक डॉक्टरच्या नावापुढे सात अंकी क्रमांक, पहिली वैद्यकीय पदवी, ती देणारे विद्यापीठ आणि वर्ष दिलेले असते. नोंदणी नसताना नोंदणीकृत असल्याचा आव आणणे १९८३च्या वैद्यक कायद्याच्या कलम ४९ नुसार गुन्हा ठरते. ‘डॉक्टर’ हा शब्द तेथे बव्हंशी रूढीचा आहे, एम.बी.बी.एस.धारकास डॉक्टर म्हणणे हा शिष्टाचार, आणि शल्यविशारद झाल्यावर पुन्हा ‘मिस्टर’ किंवा ‘मिस’ म्हणवून घेणे ही त्याहूनही जुनी रीत. ऑस्ट्रेलियाने २०२३ साली ‘सर्जन’ हा शब्दच कायद्याने राखून ठेवला : शस्त्रक्रिया, प्रसूती व स्त्रीरोग किंवा नेत्रविज्ञान या शाखांत विशेषज्ञ म्हणून नोंदणी असलेल्या डॉक्टरांनाच तो वापरता येतो. सौंदर्यशस्त्रक्रियेच्या जाहिरातींत या शब्दाचा सढळ वापर होऊ लागल्यामुळे हा बदल करावा लागला.

भारत : भारतात परदेशी पदवीच्या उल्लेखाचा प्रश्न आधी मान्यतेचा आहे. १९५६च्या भारतीय वैद्यक परिषद कायद्याने मान्य अर्हतांच्या तीन अनुसूची केल्या होत्या : पहिली भारतीय विद्यापीठांची, दुसरी परदेशी अर्हतांची आणि तिसरी उरलेल्यांची. परदेशात पहिली पदवी घेतलेल्या भारतीय नागरिकांसाठी २००२पासून चाळणी परीक्षा सुरू झाली. ३०० गुणांच्या या परीक्षेत किमान १५० गुण मिळवावे लागतात. ही परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे एम.बी.बी.एस. पदवी मिळणे नव्हे. उमेदवाराला त्यामुळे नोंदणीचा मार्ग मोकळा होतो, पदवी मात्र मूळ विद्यापीठाचीच राहते, आणि म्हणून पाटीवर ‘एम.बी.बी.एस.’ असे न लिहिता मूळ नाव, त्यासोबत शक्यतो देशाचा उल्लेख, असे लिहिणे हेच सत्याला धरून होते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांत त्या त्या शाखेतील व्यवसायासाठी मान्य असलेल्या पदव्युत्तर अर्हता २००८ साली भारतात मान्य करण्यात आल्या. २०१९च्या कायद्याने राष्ट्रीय वैद्यक आयोग अस्तित्वात आला आणि सप्टेंबर २०२०मध्ये त्याने जुन्या परिषदेची जागा घेतली. या आयोगाच्या नोव्हेंबर २०२१च्या विनियमांनी परदेशी पहिल्या पदवीसाठी किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता आणि भारतात पुन्हा १२ महिन्यांची आंतरवासिता अशा अटी घातल्या.

प्रत्यक्ष पाटीविषयीचे नियम २००२च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांत आहेत. त्यांनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात दर्शनी ठिकाणी आणि प्रत्येक औषधचिठ्ठीवर, दाखल्यावर व पैशांच्या पावतीवर दिला पाहिजे. नावापुढे मान्यताप्राप्त वैद्यकीय पदव्या, किंवा व्यावसायिक ज्ञान देणारी अथवा विशेष गुणवत्तेची दखल घेणारी प्रमाणपत्रे, पदविका, सदस्यत्वे व सन्मान एवढेच लिहावे. पाटी अवास्तव मोठी नसावी. तिच्यावर नाव, विद्यापीठाने किंवा वैधानिक संस्थेने दिलेल्या अर्हता, उपाध्या, विशेष शाखा आणि कोणत्या राज्याच्या परिषदेकडे नोंदणी आहे त्यासह क्रमांक, याहून अधिक काही नसावे. औषधाच्या दुकानावर, किंवा जेथे आपण राहत वा काम करत नाही अशा ठिकाणी, पाटी लावणे अनुचित मानले आहे. त्या शाखेची खास अर्हता नसताना स्वतःला विशेषज्ञ म्हणवून घेण्यासही मनाई आहे. आयोगाने ऑगस्ट २०२३मध्ये काढलेले नवे, अधिक कडक विनियम त्याच महिन्यात स्थगित करण्यात आले, त्यामुळे २००२चेच विनियम लागू राहिले. त्याहून जुना असा १९१६चा भारतीय वैद्यकीय पदव्यांचा कायदाही आहे. खोटी पदवी लावणाऱ्यास त्यात पहिल्या वेळी २५० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. शंभर वर्षांपूर्वी ही रक्कम जरब बसवणारी असेल, आज ती पाटी रंगवण्याच्या खर्चालाही पुरणार नाही. २०१९च्या कायद्याने नोंदणीविना व्यवसायासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली.

पदव्यांपेक्षा अधिक निसरडी जागा सदस्यत्वांची आणि फेलोशिपची आहे. एम.आर.सी.पी. (ब्रिटनमधील रॉयल कॉलेजेस ऑफ फिजिशियन्सचे सदस्यत्व) ही अक्षरे कठीण परीक्षेनंतर मिळतात, पण त्या परीक्षा ब्रिटनबाहेरही होतात. त्यामुळे ती अक्षरे धारकाने ब्रिटनमध्ये प्रशिक्षण घेतल्याचा पुरावा नसतात. काही फेलोशिप परीक्षेविना, शिफारशीवर किंवा निवडीने दिल्या जातात. काही वार्षिक वर्गणी चालू असेपर्यंतच लावता येतात. दोन-चार दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्रही ‘फेलो’ या नावाने मिळते आणि पाटीवर ते परीक्षेने मिळवलेल्या फेलोशिपच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत बसते. अक्षरांची रांग जितकी लांब तितका डॉक्टर मोठा, ही समजूत रुग्णांमध्ये आहे आणि काही डॉक्टर ती दूर करण्याची घाई करत नाहीत.

खऱ्याखोट्याची शहानिशा पूर्वी कागदावर होत असे, आणि कागद फसवतो. न्यूझीलंडच्या विद्यापीठाची बनावट पदवी दाखवून १९९५ साली ब्रिटनमध्ये नोंदणी मिळवलेल्या एका व्यक्तीने दोन दशकांहून अधिक काळ मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम केल्याचे २०१८ साली उघड झाले. त्यानंतर त्या काळच्या राष्ट्रकुल मार्गाने, म्हणजे राष्ट्रकुलातील देशाच्या पदवीच्या आधारे, नोंदणी मिळवलेल्या सुमारे ३,००० डॉक्टरांची कागदपत्रे जनरल मेडिकल कौन्सिलने पुन्हा तपासण्यास घेतली. आता मूळ विद्यापीठाकडून थेट खातरजमा करून घेण्याची पद्धत अनेक देशांत रूढ झाली आहे. जगभरातील वैद्यकीय महाविद्यालयांची एकत्रित सूची २०१४ साली उपलब्ध झाली. तथापि त्या सूचीत महाविद्यालयाचे नाव असणे म्हणजे त्याच्या पदवीला मान्यता असणे नव्हे, हे प्रवेश घेणाऱ्यांच्या अनेकदा उशिरा लक्षात येते.

दूरवैद्यकात, म्हणजे फोन वा इंटरनेटवरून दिल्या जाणाऱ्या वैद्यकीय सल्ल्यात, पाटी आणि भिंत दोन्ही नाहीशी होतात. भारताच्या मार्च २०२०मधील मार्गदर्शक तत्त्वांनी म्हणूनच नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर, ईमेल व व्हॉट्सॲपसारख्या संदेशांत, औषधचिठ्ठीवर आणि पावतीवर देण्यास सांगितले आहे. ही तत्त्वे देशाबाहेरील सल्ल्यांना लागू नाहीत. त्यामुळे दुसऱ्या देशात बसून पडद्यावरून सल्ला देणाऱ्या डॉक्टरच्या नावाखालची अक्षरे कोणत्या देशाच्या अर्थाने वाचायची, हे ठरवणे अजून रुग्णावरच येऊन पडते.