धुराचा वास घेऊन परतणारी सहल

डेन्मार्कमध्ये होब्रो गावाजवळ फिरकाट नावाचं ठिकाण आहे. हॅराल्ड ब्लूटूथ राजाच्या काळात, इ.स. ९८०च्या सुमारास, इथे मातीचा गोल कोट उभा राहिला. (आपल्या मोबाइलमधल्या ब्लूटूथला नाव मिळालं ते याच राजाचं.) कोटापासून थोड्या अंतरावर व्हायकिंग (उत्तर युरोपातले जुने दर्यावर्दी लोक) काळातल्या शेतवाडीची घरं नव्याने बांधली आहेत. डेन्मार्कमध्ये अशा वाड्यांवर शाळांच्या सहली येतात. मुलं धान्य दळतात, पीठ मळतात, विस्तवावर भाकरीसारखी जाड पोळी भाजतात. जात्याचा खुंटा धरून पाच मिनिटं फिरवला की मूठभर पिठासाठी किती दम लागतो ते हातांना कळतं.

पण मला या सहलींचं मोल वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. ही घरं म्हणजे उभे केलेले अंदाज आहेत. मूळ घरं लाकडाची होती, ती कधीच कुजून गेली. उरले ते जमिनीतले खांबांचे खड्डे, म्हणजे मातीतले काळपट डाग. त्यावरून आख्खं घर ओळखायचं!

यात चूकही होते. डेन्मार्कमधल्याच ट्रेलेबॉर्ग या दुसऱ्या गोल कोटापाशी १९४२मध्ये असंच एक लांब घर बांधलं. भिंतीबाहेर खड्ड्यांची आणखी एक रांग सापडली होती, म्हणून घराभोवती पडवी असावी असं धरून बाहेर सरळ खांब उभे केले. पुढे फिरकाटच्या उत्खननात लक्षात आलं की बाहेरचे खड्डे आतल्या बाजूला कललेले आहेत. म्हणजे ते खांब पडवीचे नव्हते, भिंतीला दिलेले तिरके टेकू होते. १९८५मध्ये फिरकाटला बांधलेल्या साडेअठ्ठावीस मीटर लांब घराला मग तसेच टेकू दिले. ट्रेलेबॉर्गचं पडवीवालं घरही अजून उभं आहे, आणि मुलांना तेसुद्धा जरूर दाखवावं.

भिंतींचं असं कोडं सुटतं, छपराचं मात्र सहज सुटत नाही. धूर कुठून बाहेर जायचा ते जमिनीतले खड्डे सांगत नाहीत. घराला धुराडं नाही, चूल मधोमध जमिनीवर. डेन्मार्कमध्येच अशा दोन घरांत स्वयंसेवक हिवाळ्याचे १३ आठवडे व्हायकिंगांसारखे राहिले आणि संशोधकांनी हवा मोजली. २०१५मध्ये आलेले आकडे असे: चुलीजवळ कार्बन मोनॉक्साइड सरासरी दहा लाख भागांत १६ भाग, आणि एका घरात मोजलेले सूक्ष्म धूलिकण घनमीटरला ३.४ मिलिग्रॅम, म्हणजे ३,४०० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराच्या सरासरीची मर्यादा आहे १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे हे दोनशे पटींहून जास्त. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या आपल्याकडच्या बायकांच्या डोळ्यांना हे आकड्यांशिवाय कळलेलं आहे.

अर्थात हा धूर व्हायकिंगांच्या घरातला किती आणि आपण बांधलेल्या छपराचा किती, हा प्रश्न उरतोच. झरोका थोडा मोठा केला किंवा वर सरकवला तर आकडा बदलेल. म्हणूनच अशा घरात मुलांना चुलीभोवती बसवावं, मग एकेकाला उभं करावं. तापलेला धूर वर चढून छपराखाली साचतो. उभं राहिलेलं मूल खोकायला लागतं, बसलेल्याला तितका त्रास होत नाही. मग दार उघडायचं आणि धूर कुठल्या बाजूने निघतो ते मुलांना बघू द्यायचं.