भातातलं मीठ आणि फोनची नोंद

१७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायासनाने, एक लांबलचक फर्मान काढलं. ख्रिस्ती झालेल्या गोमंतकीयांनी जुन्या रीतींपैकी काय काय सोडायचं याची ती यादी होती. तुळस ठेवायची नाही. पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. लग्नात देशी वाद्यं वाजवायची नाहीत. आणि भात बिनमिठाचा शिजवून मागाहून मीठ घ्यायचं नाही, कारण तसं हिंदू करतात.

लोकांवरच्या पाळतीबद्दल आणि ती समजावणाऱ्या गोष्टींबद्दल बोलताना मी दर वेळी त्या भातापाशी अडखळतो. मीठ आधी की नंतर, एवढ्याशा गोष्टीवरून माणूस आतून कोण आहे हे ठरवलं जात होतं. जुन्या गोव्यातल्या वाड्यात बसलेल्या न्यायाधीशाला कोणाच्या चुलीवरचा भात कसा दिसणार? त्याला तो दिसायचा शेजाऱ्याच्या, नोकराच्या, कधी घरच्याच माणसाच्या डोळ्यांनी. दुसऱ्याबद्दल माहीत असूनही न सांगणं हाही गुन्हा होता. आरोपीला मात्र आपलं नाव कोणी दिलं हे कळवलं जात नसे. १५६० साली आलेलं हे न्यायासन मधली चार वर्षं वगळता १८१२ पर्यंत टिकलं. लोक त्या वाड्याला नुसतं ‘व्हडलें घर’ म्हणत.

सामूहिक पाळत, म्हणजे सरसकट सगळ्यांवर ठेवलेली नजर, समजावण्यासाठी हल्ली इंटरॅक्टिव्ह गोष्टी रचतात. पुढे काय करायचं हे तिथे वाचकच ठरवतो. या प्रकाराची पार्श्वभूमी सांगताना मी युरोप-अमेरिकेपासून सुरुवात करत नाही, कारण ‘आम्हाला काय लपवायचंय?’ या प्रश्नाचं उत्तर त्या भातात आहे. काय लपवण्याजोगं हे आपण ठरवत नाही, ते पाहणारा ठरवतो. आज निरुपद्रवी वाटणारी सवय उद्याच्या फर्मानात गुन्हा म्हणून येऊ शकते.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यात छापील मजकुरावर इतका कडक पहारा होता की लग्नाची पत्रिकाही सेन्सॉरकडे दाखवावी लागे. गावोगाव रेजिदोर, म्हणजे सरकारने नेमलेले गावचे अधिकारी, होते. शेवटच्या काळात ‘पीदे’ ही राजकीय पोलीस यंत्रणाही इथे आली. १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो जंगलात लपून मुक्तीचं रेडिओ केंद्र चालवत होते. हे सगळं आमच्या घरांतून गोष्टींच्या रूपानेच पुढे आलं. कोणाच्या परसातून कोण डोकावत होतं, कोणी कोणाचं नाव दिलं, हे म्हातारी माणसं नावानिशी सांगत. त्या पाळतीला चेहरा होता, म्हणून तिची गोष्ट होऊ शकली.

आजच्या पाळतीला चेहरा नाही, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

भारतातला कायद्याचा प्रवास थोडक्यात असा. १८८५ च्या तार कायद्याने सरकारला संदेश अडवण्याचा अधिकार दिला. १९९६ साली पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फोन ऐकण्यावर कार्यपद्धतीची बंधनं घातली. ती सगळी व्यवस्था एकेका फोनसाठी होती, आणि आदेश फोन कंपनीतल्या कोणाच्या तरी हातातून जायचा. पुढे आलेल्या केंद्रीय देखरेख यंत्रणेत तो मधला हातच काढून टाकण्याची योजना होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२१ साली पेगासस या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण गाजलं. २०२३ मध्ये व्यक्तिगत डेटाचा कायदा झाला आणि त्यातच सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाटही ठेवली गेली. पेगाससच्या बातम्या मराठी पेपरांतही पहिल्या पानावर आल्या, पण आमच्या बाजारातल्या तिंट्यावर चार दिवसांत त्यांची चर्चा थांबली. लोक बेफिकीर होते असं मी म्हणणार नाही. बातमीत त्यांना स्वतःची जागाच सापडली नाही.

ती जागा कशी करून देता येते हे जर्मनीतल्या एका प्रयोगाने दाखवलं. तिथे कायद्याने फोन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी सहा महिने सांभाळाव्या लागत. बोलणं नव्हे, फक्त कधी, कुठून, किती वेळ. ग्रीन पक्षाचे नेते माल्टे श्पिट्झ यांनी कंपनीकडे स्वतःच्याच नोंदी मागितल्या, त्यासाठी कोर्टाची पायरी चढले, आणि त्यांना ३५,८३० ओळी मिळाल्या. त्या ओळी वाचून कोणालाच काही वाटलं नसतं. २०११ साली ‘त्साइट ऑनलाइन’ या जर्मन वृत्तस्थळाने त्या नकाशावर मांडल्या, श्पिट्झ यांनी स्वतः जाहीरपणे लिहिलेलं त्यांना जोडलं आणि खाली एक बटण दिलं. बटण दाबलं की ठिपका चालू लागतो. माणूस झोपतो कुठे, आगगाडीने जातो कुठे, फोन कधी बंद असतो, सगळं डोळ्यांसमोर. बटण आपणच दाबलेलं असतं, म्हणजे पाळत ठेवणारे आपणच. मी तो नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा एका अनोळखी माणसाची रात्र उलगडताना मला मनापासून शरम वाटली. हजार शब्दांच्या लेखाने तशी वाटली नव्हती.

२०१३ च्या जूनमध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेले एडवर्ड स्नोडेन यांनी तिथल्या सामूहिक पाळतीची कागदपत्रं बाहेर आणली आणि मग अशा प्रयोगांना जोर आला. त्याच वर्षी ‘पेपर्स, प्लीज’ हा गेम आला. खेळणारा सीमेवरचा तपासनीस होतो. कागद तपासायचे, शिक्का मारायचा, आणि मिळतील त्या पैशांत घरच्यांचं खाणं आणि शेगडी भागवायची. पाळतीला साध्या माणसांचे हात कसे मिळतात, हे त्या शिक्क्याइतकं स्पष्ट मला कुठेच दिसलं नाही. २०१५ ची ‘डू नॉट ट्रॅक’ ही सात भागांची वेबमालिका दुसऱ्या बाजूने गेली. ती पाहणाऱ्याचीच माहिती वापरून त्याला त्याच्याच गोष्टीत बसवते.

भूमिका बदलून पाहणं आपल्याला नवं नाही. उत्तर गोव्यातल्या पेडण्यात आणि पलीकडे सिंधुदुर्गात दशावतारी नटाबद्दल म्हणतातच, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. संवाद जागेवर घडतात, म्हणून गावातलं ताजं प्रकरण सहज पौराणिक राजाच्या तोंडी येतं. दूर ब्राझीलमध्ये नाट्यदिग्दर्शक आवगुस्तो बोआल यांनी याहून एक पाऊल पुढे टाकलं. १९७१ साली लष्करी राजवटीने त्यांना पकडून छळलं. नंतरच्या परागंदा वर्षांत त्यांनी असं नाटक घडवलं, ज्यात प्रेक्षक उठून नटाची जागा घेतो आणि प्रसंग बदलून पाहतो. बंगालमध्ये १९८५ पासून ‘जन संस्कृती’ ही नाट्यसंस्था हे काम गावांत करत आली आहे.

फोनवर हेच करायला २००९ साली निघालेलं ‘ट्वाइन’ हे अशा गोष्टी रचण्याचं मोफत साधन पुरतं. कोडिंग जवळजवळ लागत नाही, मराठी चालते, आणि पूर्ण गोष्ट एका फाईलमध्ये मावते. पण इथे एक सावधगिरी हवी. नेटफ्लिक्सने २०१८ च्या डिसेंबरात, प्रेक्षकांनी पर्याय निवडत पुढे न्यायचा एक चित्रपट आणला होता. एका संशोधकाने युरोपच्या कायद्याखाली आपली माहिती मागितली तेव्हा त्याने केलेली प्रत्येक निवड कंपनीकडे नोंदलेली निघाली. पाळतीवरची गोष्टच वाचकावर पाळत ठेवू लागली तर ती न सांगितलेली बरी. म्हणून आम्ही पेडण्यात लिहीत असलेल्या अशाच एका गोष्टीची फाईल इंटरनेट बंद करूनही चालते आणि कुठेही काही पाठवत नाही.

त्या गोष्टीत वाचकाची हरमलला दोन खोल्यांची राहण्याची सोय आहे. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म सरकारकडे भरायचा, हा खराच नियम. मग ओळखीचा एक माणूस येतो आणि म्हणतो, पाहुण्यांकडे कोण येतं-जातं तेही एका वहीत लिहून ठेव, तुझ्या परवान्याचं मी बघतो. पर्याय दोन होते: लिहायचं, किंवा नाही म्हणायचं. तालमीच्या वेळी ही गोष्ट मोठ्याने वाचली, तेव्हा आमच्या वाडीतल्या एका काकींना दोन्ही पटले नाहीत. ‘नाही म्हटलं तर तो शेजारणीकडे जाईल,’ त्या म्हणाल्या. ‘मी हो म्हणीन, वही घेईन, आणि आधी शेजारणीला जाऊन सांगेन.’ आता फाईलमध्ये पर्याय तीन आहेत.